माया

शिवणीच्या आत, दिसणार नाही असं
दोन बोटं जास्तीचं कापड आम्ही दडवून ठेवतो.
त्याला माया म्हणतात.
वडील सांगायचे, पोराच्या कपड्याला माया सोडताना
हात आखडू नये. पोर वाढतं.
वर वाढतं, असं धरून चालायचे ते.

हल्ली वारज्यात, पुलाच्या अलीकडच्या माझ्या गाळ्यात
पायाची दुमड कोरी राहते
आणि कंबर उसवावी लागते.
शाळा उघडताना एकदा, गणपतीनंतर एकदा,
दिवाळीचा फराळ संपला की रांग.

मी कुणाला बोलत नाही.
"कापड आटलं हो धुऊन," म्हणतो,
"आजकाल टेरिकॉटसुद्धा आटतं."
बँकेतले शितोळे मान डोलावतात,
पोट आत ओढून श्वास धरतात.
मी टेप सैल धरून थांबतो.
श्वास कधीतरी सोडावाच लागतो माणसाला.
मग आकडा लिहितो.

समोर मोमोची गाडी, तिच्या पलीकडे पिझ्झा,
मधल्या फुटपाथवर डिलिव्हरीची पोरं ऑर्डरची वाट बघत.
त्यातला बालाजी उदगीरचा.
दिवसभर लोकांच्या बिर्याण्या वाहतो,
स्वतः वडापाव आणि बाटलीतल्या काळ्या गोड पाण्यावर असतो.
त्याचीही पँट दोनदा उसवली मी.

आणि मी कुणाला हसू?
मागच्या मार्गशीर्षात मशीनखाली पडलेली सुई
दुपारभर माझ्या टाचेत होती.
मी पायडल मारत होतो.
संध्याकाळी बायकोनं मोज्यावरचं रक्त पाहिलं.
डॉक्टरीणबाईंनी पायाआधी मान पाहिली.
"ही काळी रेघ कधीपासून?"
मळ असेल, म्हटलं, घामाचं काम आमचं.
"मळ नाही," म्हणाल्या. "साखरेची सही आहे ती.
वीस वर्षांपूर्वीच केलेली असणार."

काल निषाद आला. इयत्ता सहावी.
संमेलनात त्याला लक्ष्मण व्हायचं होतं,
सरांनी कुंभकर्ण दिलाय.
"शेला घट्ट बांधला तर पोट दिसणार नाही ना, काका?"
कॉलरचं माप घ्यायला केस वर केले
तर तीच रेघ,
घासून घासून कडेला लाल झालेली.
"रोज लिंबू लावते," आई म्हणाली, "जातच नाही हो."
तिच्या हातात कागदात बांधलेला क्रीमरोल.
दोघं हिंजवडीला, परतायला नऊ.
"एकटाच असतो दिवसभर. निदान पोटभर तरी…"
वाक्य तिनं तिथंच टाकलं.

कापड आटलं, असं म्हणणार होतो.
जिभेवर आलेलं गिळलं.
"ताई, हा मळ नाही. घासू नका त्याला."
चप्पल काढून टाच दाखवली तिला,
न भरलेली.
बायामाणसांना पाय दाखवायची पद्धत नाही आमच्यात,
पण दाखवली.

क्रीमरोल तिनं पर्समध्ये ठेवला.
बाहेर काढला. परत ठेवला.
निषाद आरशाला पाठ लावून
खांद्यावरून स्वतःची मान बघायला धडपडत होता.

मी पँट उसवली. मागच्या खेपेची, त्याच्या मागच्या खेपेची
सुयांची भोकं ओळीनं दिसत होती,
झाडाच्या खोडातल्या वर्षांसारखी.
शेवटचं बोटभर कापड सोडलं.
"आता माया संपली," सांगितलं तिला.
"यापुढे वेगळं कापड जोडावं लागेल,
रंग जुळेल असं नाही."
ती कापडाकडे बघत राहिली बराच वेळ.

तीस रुपये झाले. पन्नास दिले,
सुट्टे राहू द्या म्हणाली.
पायरीवरून निषाद वळला.
"काका, आत घ्यायचे किती घेता?"

भिंतीवरच्या दरपत्रकाकडे पाहिलं.
फॉल, पिको, चेन बदलणे, कंबर सैल करणे.
त्याचा दर मी लिहिलाच नव्हता.